१९७१ चा डिसेंबर आणि आमचे रान

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, तेव्हा साताऱ्याकडच्या आमच्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पोटऱ्यात आला होता; कणसे बाहेर पडायच्या बेतात होती. मराठा लाइट इन्फंट्रीतल्या धाकट्या काकांची रजा रद्द झाल्याने मोट आजोबा हाकत आणि दारे धरायचे, म्हणजे पाटाचे पाणी वाफ्यांत वळवायचे, काम माझ्याकडे आले. युद्ध मला कळले ते आजीमुळे: पोस्टमन बांधावरून येताना दिसला की ती खुरपे टाकून उभी राहत असे आणि त्याच्या हातात तार नसून आंतरदेशीय पत्र आहे, याची खात्री होईपर्यंत खाली बसत नसे. अशा बायकांविषयी फार थोडे लिहिले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली. काका मात्र शाळूची मळणी उरकल्यावरच घरी आले.