पोर्क चॉप आणि आमची वळचण

सप्टेंबर सुरू झाला की इकडं कॅनडात, ओंटारियोत, माणसं घराच्या मागं लागतात, कारण एकदा बर्फ पडायला लागला की शिडी गॅरेजमध्ये जाते ती थेट एप्रिलमध्येच बाहेर येते. गेल्या शनिवारी मीही शिडीवर होतो आणि नेमका तेव्हाच खानापूरहून अण्णाचा व्हिडिओ कॉल. अण्णा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, सुतारकाम करतो, मे महिन्यात निम्म्या गावाची घरं शाकारतो. "काय करालास रे वर चढून?" म्हटलं, वळचण बंद करालोय. तो दोन मिनिटं हसतच होता. वळचण बंद करायची असते हेच त्याला पटेना.

आता बघा, आपल्याकडं वळचण उघडीच. वासे बाहेर आलेले, वर रीपा, त्यावर मंगळुरी कौलं, वाशात इळा खोचलेला, आणि जांबोटीकडचा पाऊस असला की पागोळ्यांचा नुसता पडदा. वारा कौलांच्या फटीतनंच येतो-जातो, त्यासाठी वेगळी सोय कशाला. इकडं मात्र छपराचा बाहेर आलेला भाग खालून पत्र्यानं झाकून टाकतात, त्या झाकणाला सॉफिट म्हणायचं, आणि समोरच्या उभ्या पट्टीला फॅशिया. सॉफिटला बारीक भोकं असतात, खालनं थंड हवा माळ्यावर शिरते आणि आढ्याजवळच्या व्हेंटमधनं बाहेर पडते. याचा नियमसुद्धा आहे, छताच्या क्षेत्रफळाचा तीनशेवा भाग हवेला उघडा पाहिजे, त्यातला निदान पाव वर आणि पाव खाली. आमचं छत 900 चौरस फुटाचं, म्हणजे 3 चौरस फूट.

हवा नाही खेळली तर काय होतं ते आम्ही दोन हिवाळे भोगलं. घरातली ऊब माळ्यावर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी वाहत वळचणीपर्यंत येतं आणि तिथं खाली ऊब नसल्यानं परत गोठतं. तिथं बर्फाचा बांधच होतो, आणि मागचं पाणी तुंबून शिंगल्सच्या, म्हणजे इकडच्या छपरावरच्या पट्ट्यांच्या, खालून वर चढतं. वळचणीचं पाणी आढ्याला ही म्हण मी लहानपणी ऐकली होती, पण ती बेडरूमच्या छतावर पिवळ्या डागाच्या रूपात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सॉफिट उघडून बघितलं तर आधीच्या कुणीतरी भोकांचा नवा पत्रा जुन्या प्लायवूडवरच ठोकलेला, प्लायवूडला एक भोक नाही! म्हणजे भोकं फक्त शोभेला. ते प्लायवूड कापून काढायला एक अख्खा दिवस गेला.

पण खरी मजा कोपऱ्यात. घराच्या लांब बाजूचं सॉफिट जमिनीला समांतर, आडवं. त्रिकोणी भिंतीच्या बाजूचं सॉफिट मात्र छपराच्या उताराबरोबर वर चढत जातं. एक आडवं, एक तिरकं, ही दोन जिथं भेटतात तिथं एक विचित्र त्रिकोणी पोकळी उरते आणि तिला कुठलाच तयार तुकडा बसत नाही. ती झाकायला जो त्रिकोणी पत्रा लावतात त्याला इकडचे लोक पोर्क चॉप म्हणतात, आकार डुकराच्या मटणाच्या फोडीसारखा दिसतो म्हणून. आईला हे नाव सांगितलं नाही मी, घराला लावलंय म्हटल्यावर ती काय म्हणेल याचा भरवसा नाही.

तर हा चॉप करायचा म्हणजे आधी आत लाकडाचा आधार ठोकायचा, मग टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापून तो कोपऱ्यावर धरून बघायचा, पाच-सहा वेळा तरी बघायचा, मग तो अ‍ॅल्युमिनियमवर आखायचा, कडेला एक इंच जास्त ठेवून ती कड दुमडायची. पत्रा कापायच्या कात्र्या तीन रंगांच्या मिळतात, लाल दांडीची डावीकडं वळते, हिरवी उजवीकडं, पिवळी सरळ. हे मला अर्धा पत्रा वाया गेल्यावर कळलं. आणि सॉफिटचा तुकडा मापापेक्षा पाव इंच कमीच कापायचा, उन्हात पत्रा वाढतो, जागा नसली की फुगून बाहेर येतो.

मी सगळं छान बसवलं. तिरका फॅशिया आधी, त्याच्यावरनं चॉप, कड एकदम नीट, फोटो काढण्यासारखी. अण्णाला मोबाईल जवळ नेऊन दाखवलं. तो हसायचा थांबला.

"हे उलटं झालंय की रे. वरचं पाणी कुटं जाणार? त्या त्रिकोणाच्या मागंच की."

म्हटलं, सीलंट लावणार आहे ना. "ते लाव नाहीतर गूळ लाव. कौलं कोण आढ्याकडनं घालत येतंय काय? खालनं वर ये."

राग आला, खरं सांगतो. त्यानं जन्मात अ‍ॅल्युमिनियमचा फॅशिया बघितलेला नाही. पण पाईप आणून वरनं पाणी सोडलं आणि मिनिटभरात सॉफिटच्या भोकांतनं टपटप सुरू. मग सगळं उचकटलं. आधी आडव्या बाजूचा फॅशिया, तो कोपऱ्यावरनं इंचभर वळवून घेतला, त्याच्यावर चॉप, आणि शेवटी तिरका फॅशिया वरनं येऊन चॉपवर चढवला. परत पाईप. पाणी बाहेरच्या बाहेर गवतात. अण्णा म्हणाला, "हां, आता घर म्हण," आणि चहाला गेला.

एक राहिलंच. त्या जुन्या पोकळीत घरटं होतं, रिकामं, गवत आणि प्लास्टिकच्या दोऱ्या. इकडची ही चिमणी आपलीच ती घरचिमणी, 1850 च्या दशकात ब्रुकलिनला आणून सोडली आणि तिथनं सगळीकडं पसरली. इथले पक्षीवाले लोक तिच्यावर जरा नाराज असतात, दुसऱ्या पक्ष्यांची घरटी बळकावते म्हणून. मी आईला घरटं दाखवलं तर ती म्हणाली, "मग आता त्यांनी कुटं जायचं?" तिच्या डोक्यावर माजघरात चिमण्यांनी किती वर्षं काड्या टाकल्यात, तरी हाच प्रश्न.

चारपैकी तीन कोपरे झालेत. चौथा गॅरेजवरचा आहे, तिथं खाली हीटिंग नाही, बर्फाचा बांध व्हायची भीती नाही. त्याला अजून हात लावलेला नाही.