रव्याला डांबरगोळीचा वास

मागच्या रविवारी सकाळी आईनं उपम्यासाठी रवा भाजायला घेतला. कढईत रवा पडला, ती हलवायला लागली आणि दोन मिनिटात घरभर जुनं लोखंडी कपाट उघडल्यासारखा वास. आईनं गॅस बंद केला, चिमूटभर रवा हातावर घेऊन नाकाला लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला तेव्हाच कळलं काय झालं ते. आदल्या रात्री रिंग रोडवरच्या मार्टातून महिन्याचा किराणा आणला होता, काउंटरवरच्या पोरानं रव्याच्या पाकिटाला चिकटून डांबरगोळ्यांचं पाकीट ठेवलं, त्यावर साबणाच्या वड्या, आणि वरून पाच किलोची कणकेची थैली दाबून बसवली. आम्ही उशिरा आलो, थकलो होतो, म्हणून रात्रभर ती पिशवी ओट्याखाली तशीच पडून राहिली. मे महिना, नागपूरचा उकाडा, बंद किचन. डांबरगोळी हवेत उडत जाते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मार्टात रवा भरतात त्या पातळ पाकिटाला तो वास काय अडणार.

एक किलो रवा फेकला. आईला अन्न फेकायचं म्हटलं की तिचा जीव तुटतो, ती दिवसभर तेच बोलून राहिली होती. आणि खरं सांगतो, मला पण पैशापेक्षा तेच लागलं.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत याच काउंटरवरून घरी येईपर्यंत माझ्या ब्रेडची पोळी झाली आहे, दह्याचं पाकीट फुटून पोह्यात गेलं आहे, सांबाराच्या जुड्या (पुण्या-मुंबईच्या लोकांनी कोथिंबीर वाचावं) बटाट्याखाली दबून काळ्या पडल्या आहेत, आणि एकदा तर फिनाईलच्या बाटलीचं झाकण ढिलं होतं ती आडवी घातली, खाली तुरीची डाळ. डाळीचं पाकीट पक्कं होतं म्हणून वाचलं, पण ते धुवावं लागलं. डाळीचं पाकीट फिनाईल लागलं म्हणून धुवायचं, असं कोणाच्या घरी होऊ नये.

काउंटरवर नेमकं काय होतं ते लक्षात घ्या. तुम्ही ट्रॉलीतून एकेक वस्तू वर ठेवता, तो टुक टुक करत मशीनवर फिरवतो आणि पलीकडे ढकलतो, पलीकडे जागा किती तर दोन वीत, तिथं ढीग होतो, तेवढ्यात तो विचारतो मोबाईल नंबर सांगा, मग पॉईंट वापरायचे का, मग कॅरी बॅग पाहिजे का, मग कॅश की यूपीआय, तुम्ही फोन काढता, नेटवर्क फिरत राहतं, आणि या सगळ्या गडबडीत दुसऱ्या हातानं तो सामान पिशवीत कोंबून राहिला असतो, जे हाताला लागेल ते, ज्या क्रमानं मशीनवरून आलं त्या क्रमानं. तुमचं लक्ष फोनवर. पैसे गेले की मागच्या माणसाचं तेल आणि बिस्किटं तुमच्या ढिगात यायला लागतात, मागचा माणूस घसा खाकरतो, आणि तुम्ही पिशवी उचलून बाजूला होता. दारावर गार्ड बिल बघतो, शिक्का मारतो. पिशवीत वरून हात घालून तो वस्तू मोजतो ना, तेव्हा जे थोडंफार नीट बसलेलं असतं ते पण हलतं.

मला हे इतकं का खुपतं त्याला एक कारण आहे. माझ्या मामांचं नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा ओळीत दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी तिथं जायचो, सातवी-आठवीपासून कॉलेजपर्यंत, आणि मामांनी मला तराजूला हात लावू दिला त्याच्या कितीतरी आधी थैला भरायला शिकवलं. म्हणजे सामान देणं नंतर, आधी सामान ठेवणं. गिऱ्हाईक यादी द्यायचं, नोकर सगळं काढून गादीपुढे मांडायचा, मामा पेन्सिलीनं यादीवर खुणा करायचे आणि मग मी थैला उघडून बसायचो. "बाबू, वजनाचं खाली, नाजूक वर, आन् वासाचं अलग." हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल.

वासाचं म्हणजे साबण, अगरबत्ती, उदबत्ती, डांबरगोळ्या, हिंग सुद्धा. चहापत्ती आणि रवा-मैदा-बेसन हे वास ओढणारे, त्यांची जागा साबणापासून सगळ्यात लांब. तेलाचा डबा उभा, कोपऱ्यात, आणि त्याच्या बाजूनं साखरेची आणि तांदळाची पुडकी अशी लावायची की डबा डोलला नाही पाहिजे. मिठाचं पाकीट कधीच एकदम तळाशी नाही, कारण थैला कोणी ओल्या फरशीवर ठेवला तर मीठ आधी पाणी धरतं. पापड, शेवया, कुरड्या सगळ्यात शेवटी, थैल्याच्या तोंडाशी. आणि सायकलवाला गिऱ्हाईक असला तर एक थैला चालत नसे, दोन लागत, आणि दोन्ही सारख्या वजनाचे, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं आणि माणूस पडतो. मामा दोन्ही थैले दोन हातांत धरून उभे राहायचे, डोळे मिटून, आणि म्हणायचे, याच्यातली साखर त्याच्यात टाक. एवढंच. मग गिऱ्हाईकाच्या सायकलपर्यंत मी नेऊन द्यायचो.

एकदा मी घाईत साबण आणि चहा एकत्र घातला होता. महाल भागातल्या एक आजी दुसऱ्या दिवशी परत आल्या, काही भांडल्या नाहीत, फक्त पुडी पुढे केली. मामांनी वास घेतला, चहा बदलून दिला, आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, "गिऱ्हाईक घरी जाऊन थैला उघडन ना, तवा आपन तिथं नसतो बाबू." रागावले नाहीत. पण मी ते विसरलो नाही, आणि रविवारी आईच्या हातातला रवा पाहून मला एकदम त्या आजींची पुडी आठवली.

आता मोठ्या दुकानात मामा बसवा असं मी म्हणत नाही. पण थैला भरणं हा विक्रीचाच भाग आहे, वरून केलेला उपकार नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि हे फक्त माझं मत पण नाही. आपल्याकडे 1930 चा माल विक्रीचा कायदा आहे, त्याच्या कलम 36 मध्ये सरळ लिहिलं आहे की वेगळं काही ठरलं नसेल तर माल नेता येईल अशा अवस्थेत आणायचा खर्च विकणाऱ्याचा. कॅरी बॅगच्या पैशांवरून ग्राहक मंचांत ज्या केसेस झाल्या त्यात हेच कलम निघालं होतं, आणि डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं की सामान निवडायच्या आधी न कळवता थेट बिलिंग काउंटरवर कॅरी बॅगचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पिशवी किती रुपयांची, कशाची, हे गिऱ्हाईकाला आत शिरतानाच कळलं पाहिजे. बऱ्याच दुकानांनी आता दारावर बोर्ड लावलेत, काही ठिकाणी तो बोर्ड ट्रॉल्यांच्या मागे असतो तिथं कोणी वाचत नाही. कोणाला तक्रार करायची असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, मराठीत पण बोलता येतं.

पिशवीच्या पैशांबद्दल मात्र माझी तशी तक्रार नाही, कारण मी पिशव्या घरूनच नेतो. 2018 च्या जून महिन्यात महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी लागू झाली, पहिल्या वेळी पाच हजार दंड, तेव्हापासून आईनं जुन्या चादरीच्या सहा थैल्या शिवून ठेवल्या आहेत आणि गाडीच्या डिक्कीत दोन कायम असतात. बंदी बरोबरच होती. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी शिरलं, त्यानंतर आमच्या मित्राच्या घरापुढच्या नालीतून आम्ही स्वतः हातानं पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या) ओढल्या आहेत, चिखलात गुंडाळलेल्या, एकात एक अडकलेल्या, टोपलंभर. त्यामुळे परत त्या पन्न्या आणा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक गोष्ट झाली. पूर्वी पन्न्या फुकट होत्या म्हणून साबण वेगळ्या पन्नीत यायचा, अंडी वेगळी, भाजी वेगळी. आता पिशवी विकत झाली तसं लोकं एकच घेतात आणि दुकानवाले पण सगळं एकातच बसवतात. वेगळं ठेवायचं काम जे पन्नी करत होती ते आता कोणीच करत नाही. बिना पन्नीचं पण ते करता येतं ना! मामांच्या दुकानात कुठं पन्न्या होत्या, कागदी पुडकी आणि वर लटकणाऱ्या डब्यातून येणारा दोरा, त्यात सगळं वेगळं राहायचं. मार्टात दिवसभर बिस्किटांचे, तेलाचे रिकामे खोके निघतात, ते मागच्या बाजूला भंगारात जातात. ते खोके काउंटरजवळ ठेवले तर साबण-फिनाईल एका छोट्या खोक्यात जाईल, अंडी दुसऱ्यात. एक रुपया खर्च नाही.

आणि उन्हाळ्याचं तर नागपुरात वेगळंच बघावं लागतं. पारा 45 ला टेकला की दूध, दही, लोणी, चीज हे सगळं एकमेकांना चिकटून एका थैलीत ठेवलं तर घरी येईपर्यंत एकमेकांना थंड ठेवतं, आणि तेच चार थैल्यांत विखुरलं तर चारही गरम होतात. मला हे सांगावं लागतं दरवेळी. परवा लोण्याचा डबा मी स्वतः कणकेच्या खालून काढून दुधाजवळ ठेवला तेव्हा मागची बाई म्हणाली, अहो भाऊ लवकर करा ना. तिचंही बरोबर, तिच्यासोबत लहान लेकरू होतं.

सोमवारी मी संध्याकाळी परत गेलो त्या दुकानात. भांडायला नाही. गर्दी कमी होती, तोच पोरगा काउंटरवर होता, वीस-एकवीसचा असेल. मी त्याला रव्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, "सॉरी काका" म्हणाला, मनापासून म्हणाला असं मला वाटलं. मग मी विचारलं की तुम्हाला पिशवी भरायचं कोणी शिकवतं का. तर म्हणाला, मशीन कशी चालवायची ते दोन दिवस शिकवलं, पैसे मोजायचं, नकली नोट कशी ओळखायची ते शिकवलं, पिशवीचं कोणी काही बोललं नाही. पूर्वी काउंटरमागे एक मुलगी फक्त पिशव्या भरायला असायची, ती काढली, आता तेच दोन्ही करायचं. रविवारी लाईन मागच्या रॅकपर्यंत जाते आणि सुपरवायझर मागून हात हलवतो, चला चला. तो हिंगण्याकडून बसनं येतो, सकाळी दहाला उभा राहतो तो रात्री. खुर्ची नाही. मला त्याचं ऐकून कसंतरीच झालं. दिवसभर उभ्या उभ्या शेकडो पिशव्या भरणाऱ्या माणसाला आपण डांबरगोळीसाठी बोलायचं म्हणजे चूक जिथं आहे तिथं न बोलता जो समोर सापडला त्याला बोलणं.

मग मी त्याला तिथंच, माझ्याच सामानावर, दाखवलं. तांदूळ आणि कणिक खाली, तेल उभं, मध्ये डाळी, चहा एका बाजूला, साबण दुसऱ्या थैलीत, ब्रेड वर. त्यानं लक्ष देऊन पाहिलं. ब्रेड ठेवताना त्यानं विचारलं की अंडी असली तर कुठं, मी म्हटलं अंडी हातात, थैलीत नाहीच. तो हसला. सगळं मिळून एखादं मिनिट लागलं असेल, आणि दोन थैल्या मी दोन हातांत धरल्या तर जवळजवळ सारख्या वजनाच्या.

मॅनेजरला पण भेटलो. त्याला दोनच गोष्टी मागितल्या, पैसे परत मागितले नाहीत. एक, काउंटरच्या पलीकडे एक साधा टेबल टाका, म्हणजे पैसे दिलेला माणूस आपलं सामान घेऊन तिथं सरकेल, आपल्या हातानं आपली थैली भरेल आणि मागची लाईन थांबणार नाही. दुसरं, त्या पोराला बसायला स्टूल द्या. तो म्हणाला वर विचारावं लागेल, रजिस्टरमध्ये लिहून जा. मी अख्खं पान लिहिलं, मराठीत, खाली फोन नंबर टाकला. अजून फोन आला नाही. चार दिवस झाले फक्त, थोडा वेळ द्यायला पाहिजे, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक सुरू केलं आहे, ट्रॉलीतूनच लावून आणायचं. म्हणजे मशीनपुढे आधी जड, मग डाळी, मग पाकिटं, मग ब्रेड, आणि साबण-फिनाईल सगळ्यात शेवटी, वेगळ्या थैलीसकट. तो ज्या क्रमानं मशीनवर फिरवतो त्याच क्रमानं भरतो, तर क्रमच नीट दिला की अर्धं काम होतं. फोन आधीच उघडून ठेवायचा. बायको थैलीजवळ, मी पैशाजवळ.

उद्या परत जायचं आहे. आईनं यादी करून फ्रिजवर लावली आहे, सगळ्यात वर रवा 1 किलो लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.