जेआरएफ ते एसआरएफ: अडकलेल्या फेलोशिपचे सात महिने

एप्रिल 2023 मध्ये लायगो-इंडियाला, म्हणजे आमच्याकडे होणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. आमचं गाव औंढा नागनाथजवळ. "2,600 कोटी मंजूर झाले म्हणं आपल्या जिल्ह्यात!" 2016 ला तत्त्वतः मान्यता मिळाल्यापासून ते वाट बघत होते. मलाही फार आनंद झाला.

जूनमध्ये आमची, पीएचडी करणाऱ्यांची, बातमी आली: फेलोशिप वाढली. जेआरएफ (पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप) महिना 31,000 वरून 37,000, एसआरएफ (त्यापुढची) 35,000 वरून 42,000, तीही 1 जानेवारी 2023 पासून. याआधीची वाढ 2019 ची, देशभरातले संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हाची.

आदेश निघाला म्हणजे पैसे आले, असं मला वाटलं होतं. पण ज्या संस्थेची फेलोशिप, ती आपला वेगळा आदेश काढते आणि त्यानंतर फरकाचं बिल करायचं. त्यात ऑगस्टमध्ये माझी दोन वर्षं भरली. एसआरएफ होण्यासाठी समिती बसते: गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचे तज्ज्ञ. सादरीकरण चांगलं झालं, प्रश्न कामाचे आले, तिघांच्या सह्या झाल्या. त्याच महिन्यात संसदेत देशातल्या संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा मंजूर झाला. पाच वर्षांत 50,000 कोटी, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे. लॅबमध्ये आम्ही त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.

आणि ऑगस्टपासूनच माझी फेलोशिप थांबली. बढतीची फाईल मंजूर होईपर्यंत जुन्या दरानेही काही मिळेना. फाईल एकदा परत आली, कारण रुजू झाल्याची तारीख दोन कागदांवर वेगळी होती. दुसऱ्यांदा आली, एका महिन्याच्या हजेरीवर सही राहिली म्हणून. तेव्हापासून मी वही घातली: कोणता कागद कधी गेला, जावक क्रमांक काय, फोनवर कोण काय म्हणालं. प्रत्येक कागद पाठवण्याआधी स्कॅन करून ठेवला. "माझं काम झालं का?" असं विचारून उत्तर मिळत नाही, जावक क्रमांक सांगून "फाईल कोणत्या टेबलावर आहे?" विचारलं की मिळतं. ज्यांची फाईल अडकली आहे त्यांनी एवढं तरी कराच.

खोलीभाडं भावाने भरलं. मेसवाल्या काकूंनी एकदाही पैसे मागितले नाहीत.

फेब्रुवारीत पैसे आले. जानेवारी ते जुलैच्या फरकाचे 42,000 आणि पुढच्या महिन्यांची एसआरएफ, सगळे एकदम. अण्णांना फोन केला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचीही फाईल अशीच अडकली होती. तिच्या घरून पैसे येण्यासारखे नव्हते. नोव्हेंबरात तिने पीएचडी सोडली आणि एका कंपनीत नोकरी धरली. तिने दोन वर्षं खपून तयार केलेले जिवाणूंचे स्टॉक उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत. डब्यांवरची लेबलं तिच्याच अक्षरातली आहेत.