माझा अनुभव : भावाची ट्रॅमाडॉलची गोळी सुटली तशी

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असताना तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचा. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. दुखण्यावर डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं, म्हणजे अफूच्या जातीची, सवय लावू शकणारी वेदनाशामक गोळी, तीही मोजक्या दिवसांसाठी. गुडघा बरा झाला, गोळी चालूच राहिली. ती घेतली की परीक्षेची धास्ती कमी वाटायची, आणि चिठ्ठी न मागणारं दुकान कॉलेजात कुणाला तरी माहीत असतंच.

घरात कळल्यावर पप्पा म्हणाले, "आजपासनं बंद." दुसऱ्या दिवशी त्याला जांभयांवर जांभया, नाक गळतंय, जुलाब, दंडावर सारखा काटा. आईला वाटलं फ्लू आहे. रात्री तो पाय झाडत म्हणाला, "ताई, हाडं आतनं कुणीतरी पिळल्यागत होतंय." मी १४४१६ ला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. तिथं मराठीत बोलता येतं, रात्रीही. त्यांनी सांगितलं, घरी अंगावर काढू नका, दवाखान्यात न्या.

पप्पांना भीती पोलिसांची. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, हे त्यांनी वाचलं होतं. त्याच कायद्याचं कलम ६४-अ मी त्यांना दाखवलं : स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा खटला चालत नाही, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. ते वाचून पप्पा स्वतःच गाडी काढायला उठले.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपरची रांग, मग मानसोपचार ओपीडी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "फिट आली होती का?" ट्रॅमाडॉल जास्त झालं की फिट येऊ शकते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग रोज किती गोळ्या, सोबत दारू, झोपेचं काही? भाऊ चाचरत उत्तरं द्यायला लागला, तसं डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा." फार बरं केलं. खरा आकडा आमच्यासमोर कधीच निघाला नसता, आणि सगळा उपचार त्या आकड्यावरच ठरायचा होता.

गोळी एकदम तोडली नाही, पायरी-पायरीनं उतरवली. जुलाबाला आणि झोपेला वेगळी औषधं दिली. स्ट्रिप आईच्या कपाटात, दिवसाची गोळी तिच्या हातून, शेजारी तारखांचा कागद. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी आईकडून दोनदा वदवून घेतलं.

अंगाचा त्रास त्यामानानं लवकर सरला. जड गेलं ते पुढचं. त्याला कशातच गोडी वाटेना, ग्राउंडवर जावंसं वाटेना. समुपदेशनाला तो नाखुशीनंच जायचा; पण परीक्षेच्या धास्तीबद्दल तो पहिल्यांदा बोलला ते तिथंच. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितली. गोळी सुटल्यावर शरीराची सवय मोडते, त्यामुळं पूर्वी पचणारा डोस नंतर कधी घेतला तर श्वास थांबू शकतो. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मध्यंतरी त्याची अक्कलदाढ काढायची होती. खुर्चीत बसण्याआधीच त्यानं दातांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं. तेवढ्यावर भागलं.