केसपेपरमधले चौदा तास

आठव्या महिन्यापर्यंत मी भांडुपहून सीएसएमटीला लोकलने जात होते. म्हणून मुलीला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झटके आले, एमआरआयमध्ये मेंदूला इजा दिसली, तेव्हा घरच्यांना कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला दारातच 'गर्दीत जायची हो' एवढं सांगायच्या. डिस्चार्ज कार्डावर 'बर्थ अस्फिक्सिया' लिहिलं होतं, म्हणजे जन्मताना गुदमरणं. घरी त्याचा अर्थ एकच झाला: आई.

मीही तो मानला होता. खटकलं ते दोन महिन्यांनी, फिजिओथेरपीला जाताना कार्ड पुन्हा वाचलं तेव्हा. त्यावर अपगार लिहिला होता, पहिल्या मिनिटाला आठ, पाचव्याला नऊ. अपगार म्हणजे बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल यांना दिलेले दहापैकी गुण. गुदमरलेल्या बाळाला नऊ कसे? आणि ती जन्मल्याबरोबर रडली होती, मी स्वतः ऐकलं होतं.

मग पूर्ण केसपेपर मागितले. काउंटरवर सांगितलं, 'ते पेशंटला देत नाहीत.' हे चूक आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते तीन वर्षं जपायचे असतात. मी साधा लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोचपावती घेतली. बोलणं पोचपावतीनंतर बदललं. तरी अकरा दिवस लागलेच. मिळालेल्या झेरॉक्स इतक्या फिकट की नवऱ्याने दोन पानं परत करून पुन्हा काढायला लावली. एमआरआयचा नुसता रिपोर्ट घेऊ नका, सीडी मागा. पुढे सगळं त्या सीडीवर ठरलं.

परळला एका बालमेंदूतज्ज्ञ मॅडमना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी सीडी लावली. इजा दोन्ही बाजूंना डोक्याच्या मागच्या भागात होती, जिथून आपल्याला दिसतं तिथे. अचानक ऑक्सिजन तुटला तर बहुतेकदा मेंदूच्या आतल्या गाभ्याला मार बसतो, तो भाग इथे स्वच्छ होता. त्यांनी विचारलं, 'वजन किती होतं? शुगर कधी कधी तपासली?'

वजन दोन किलो शंभर. दिवस 37 आठवडे भरलेले, पण त्या मानाने बाळ बारीक. अशा बाळांकडे साखरेचा साठाच कमी असतो. नीट प्यायली नाहीत तर रक्तातली साखर उतरते आणि मेंदू उपाशी राहतो. म्हणून टाच टोचून ठरावीक तासांनी शुगर बघतात. आमच्या चार्टवर पहिली 52, मग 49, दुसऱ्या रात्री दहाला 43. पुढे शेरा: 'दूध द्या, पुन्हा तपासा.' त्याखालची नोंद तिसऱ्या दिवशी दुपारी बाराची, झटका आल्यानंतरची. 19.

मॅडम मोजून बोलत होत्या. नाळेच्या रक्ताची तपासणी झालेली नव्हती, वारही तपासायला पाठवली नव्हती, त्यामुळे 'शंभर टक्के शुगरच' असं त्या लिहून द्यायला तयार नव्हत्या. गुदमरल्याचा पुरावा मात्र कागदांत नाही, एवढं त्यांनी लिहून दिलं. लोकलचं मी विचारलं तेव्हा त्या चक्क हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला नाही.

घरी येऊन सासूबाईंना चार्ट दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, 'मग त्या रात्री कोणी पाहिलं कसं नाही?'

हाच प्रश्न वकिलांनी विचारला. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आमची मुलगी आता सोळा महिन्यांची आहे. आवाजाकडे वळते, खिडकीतल्या उजेडाकडे बघते, चेहऱ्यावर नजर अजून ठरत नाही. आठवड्यातले तीन दिवस थेरपीत जातात. केस करायची की नाही यावर माझं आणि नवऱ्याचं एकमत नाही. त्याला करायची आहे.

मला अडवतंय ते माझ्याच फोनमध्ये आहे. त्या रात्री मी दोनदा सिस्टरना म्हटलं होतं, ती पीत नाही. 'झोपाळू आहे, उठेल,' असं उत्तर मिळालं. पहाटे 5 वाजून 40 मिनिटांचा व्हिडिओ आहे: मी तिचा गाल चोळतेय, ती डोळे उघडत नाही, आणि माझा आवाज येतो, 'किती गुणी गं माझं बाळ, रडतसुद्धा नाही.' वकील म्हणाले, वेळ दिसतेय, हा पुरावा चांगला आहे. मी त्यांना तो अजून पाठवलेला नाही.