सहकुटुंब

आमच्या आजोबांना ए.कु.मॅ. ही पदवी आहे, असं मी लहानपणी बरीच वर्षं समजत होते. सातबाऱ्यावर त्यांच्या नावामागे तसं लिहिलेलंच होतं. शेजारच्या मास्तरांच्या पाटीवर बी.ए., बी.एड.; आमच्या आजोबांचं ए.कु.मॅ. शाळेत मी हे सांगितलंही होतं आणि बाईंनी ‘कुठल्या विद्यापीठाचं गं?’ असं विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. पुढे कधीतरी कळलं की ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. धोतर, बंडी, कानाला बिडी आणि मॅनेजर!

परवा दुपारी हे आठवायला कारण झालं दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला गठ्ठा. हक्कसोडपत्र करायचंय. ‘तू फक्त सहीला ये, बाकी सगळं मी बघतो.’ सोबत सातबारा, आठ-अ आणि वकिलांनी मागितले म्हणून झाडून सगळे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. हल्ली हे स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात. जेवण करून आडवी पडले होते. पाच मिनिटं नजर टाकायची आणि ‘ओके’ पाठवायचं, एवढाच बेत होता. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दुपारचा चहा राहिला होता.

खरं तर हे कागद काकांच्या हाती पडायला हवे होते. प्रत्येक घरात निवृत्तीनंतर एक जण घराण्याच्या मागे लागतो, आमच्यात ते काका. पोस्टातून सुटले आणि दुसऱ्या सोमवारी दोनशे पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर ‘श्री’, दुसऱ्यावर ‘आपले मूळ’. तिसरं पान त्यांच्या हयातीत फार पुढे सरकलं नाही, पण त्यासाठी केलेली वणवण मोठी होती. १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर त्यांनी झेरॉक्स करून बाइंड करून घेतलं होतं आणि लग्नाकार्यात कुणीही तावडीत सापडलं की ते त्यातलं काहीतरी ऐकवायचे. आपण मूळचे इथले मिरासदार, हा त्यांचा सिद्धान्त. मिरासदार म्हणजे पिढीजात जमीनवाला. बाहेरून येऊन दुसऱ्याची कसणारा तो उपरी. उपरी म्हटलं की काकांचं नाक किंचित वर जायचं.

मग त्यांनी तलाठी कार्यालयातून वरच्या रानाचा जुना उतारा काढला. त्यात जमीन भलत्याच माणसाच्या नावावर आणि इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांच्या नावापुढे ‘कूळ’. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन झाला, पुढे त्यातल्या ३२ग कलमाखाली किंमत ठरून ते रान आमचं झालं. काका कुळाच्या शोधात निघाले होते आणि सापडलं ते हे कूळ. चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘खालचं रान तरी मिरासीच असणार.’

मग पुणे. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, १८९१ सालची दगडी इमारत. आत सुमारे ३९ हजार रुमाल. कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात म्हणून रुमाल. काउंटरवरच्या माणसाने ‘कुठला रुमाल हवा?’ विचारलं तेव्हा काकांनी खिशात हात घातला होता, असं काकू सांगते. काका हे शेवटपर्यंत नाकारत राहिले. काही असो, रुमाल सुटला, कागद पुढ्यात आला आणि काकांच्या लक्षात आलं की आपल्याला मोडी येत नाही.

त्यांचं राहिलं ते मी केलं. मोडीचा दहा दिवसांचा वर्ग. अभ्यासाच्या ओढीने वगैरे नाही, त्या उन्हाळ्यात घरात रंगकाम चाललं होतं आणि मला बाहेर पडायला निमित्त हवं होतं. मोडी मला एकदम आवडली. ऱ्हस्व-दीर्घाची कटकटच नाही! आधी सबंध ओळ आखायची आणि मग अक्षरं त्या दोरीवर धुण्यासारखी वाळत घालत जायचं. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने बघून घ्यावं. शुद्धलेखनात आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला हा स्वर्गच. वैताग आणतं ते साल. ‘समान सबैन मया व अलफ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; झाले ११७८. हा शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला पालटतं. म्हणजे १७७७-७८. शिकवणारे सर हे इतक्या झरझर करायचे की आमच्या बाकावर एक बाई त्यांना ‘अलफ सर’च म्हणायच्या. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, तेव्हा मलाही दोन-तीन फोन आले होते. मी घाबरून ‘माझं कच्चं आहे’ सांगितलं. ते खरंच आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं मला फार नवल वाटतं. दारोदार हिंडून, लोकांच्या माळ्यावरचे गठ्ठे उपसून त्यांनी कागद जमवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, असे बावीस खंड. महिकावतीची बखरही त्यांनीच १९२४ साली छापली, उत्तर कोकणात कोण कुठून येऊन वसलं त्याची. बिंब राजाबरोबर आलेल्या सहासष्ट कुळांची त्यात गणती आहे. काकांनी ती बखर दोनदा वाचून काढली. आमचा आणि उत्तर कोकणाचा सुतराम संबंध नसताना! सहासष्टांत आपण नाही याचं त्यांना वाईटही वाटलं.

मला मात्र त्या वसण्या-उठण्याचे शब्दच जास्त लक्षात राहतात. गाव वसतं ती पांढरी, पिकतं ती काळी. वस्ती उठलेलं गाव दफ्तरात ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. मागे कुणीच न उरलेल्या घराण्याची जमीन ‘गतकूळ’. एका कारकुनाने आकारणीपुरता टाकलेला शब्द, पण तो वाचला की मी पुढची ओळ विसरते. आणि आडनावातला ‘कर’! आम्हीही कर आहोत. गाव सोडल्याशिवाय माणसाला गावाचं नाव चिकटत नाही. सगळेच ज्या गावचे, तिथे अमुककर म्हणून हाक कोण मारणार? तेव्हा आपण मूळचे इथले असं सांगणाऱ्या काकांच्या सहीतच आपण कुठून तरी आलोय याची कबुली होती. हे मी त्यांना एकदा म्हटलं. ‘तू गॅझेटिअर वाच,’ म्हणाले.

तर, त्र्यंबक. मी तिसरी-चौथीत असेन. आजी, आई, काका-काकू, आम्ही पोरं असे सगळे एसटीने त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. कुशावर्तावर अंघोळी झाल्या आणि काका आम्हाला उपाध्यांच्या घरी घेऊन गेले. ओटीवर गारवा, शेणाचा आणि उदबत्तीचा मिळून वास. उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि काखेत लांबलचक वही घेऊन आले. ती उभी उघडायची, पंचांगासारखी. बोटाला थुंकी लावून पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबून म्हणाले, ‘हा घ्या तुमचा लेख.’

काका एकदम ताठ बसले. उपाध्ये वाचू लागले. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. भाऊ अमुक, चुलते तमुक, मुलगा. मौजे, तालुका. नावांमागून नावं, आणि प्रत्येक नावाला काका मान डोलावत होते, जणू त्या सगळ्यांशी त्यांची रोजची ऊठबस होती. आम्ही पोरं लाह्यांच्या पुडीकडे बघत होतो. एवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आजीने पदर सारखा केला आणि विचारलं, ‘आमच्या सासूबाईंचं नाव हाये का त्यात?’

उपाध्यांनी बोट पुन्हा वरून खाली आणलं. ‘सहकुटुंब आले होते, असं लिहिलंय.’

‘हां. म्हंजे आल्या व्हत्या,’ आजी म्हणाली. आणि तिने लाह्यांची पुडी सोडली.

‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको, हे मला तेव्हा कळण्याचं कारण नव्हतं. मला वाटलं, सहकुटुंब म्हणजे आमच्यासारखेच सगळे, पोराबाळांसकट, एसटीने.

आजीला स्वतःच्या सासूचं नाव ठाऊक नसावं, हे आता सांगितलं तर माझ्या मुलीला खोटं वाटतं. पण नाव घेणार कोण? दीर-जावा थोरल्या आई म्हणायच्या, आजी आत्याबाई म्हणायची, गाव अमक्याची आई म्हणायचं. नवरा हाकच मारत नसणार. जनगणनेचे मास्तर आले की आजी आजोबांचंसुद्धा नाव घ्यायची नाही, मला पुढे ढकलायची, ‘सांग गं’. मी मोठ्या रुबाबात सांगायचे. पदवीसकट. थोरल्या आई गेल्या तेव्हा काका चार वर्षांचे होते. पुढे श्राद्धाला गुरुजी काकांच्या या आजीचं नाव विचारायचे आणि काका खुशाल ‘गंगा’ म्हणून मोकळे व्हायचे. एकदा आईने टोकलं तर म्हणाले, ‘नदीचं नाव सांगितलं की चुकत नाही.’

या शोधाशोधीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, आणि ती काकांना पटली नसती. आपली आठवण राहावी म्हणून यातला एकही कागद कुणी लिहिलेला नाही. सारा द्यायचा होता, दक्षिणा द्यायची होती, कर्ज फिटलं नव्हतं, भाऊ भांडले होते. ज्याच्याकडून काही येणं होतं तो कागदावर राहिला. पणजीने कुणाचं काही द्यायचं ठेवलं नसावं. याच्या पुढे मला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण चहाचं आधण उतू गेलं आणि ते राहिलं.

दादाच्या गठ्ठ्यात आत्यांचा फेरफारही आहे. तिघींनी ‘स्वखुशीने’ हक्क सोडल्याचा. शब्द तोच, तलाठ्याच्या सरावाचा. दोन-दोन लुगडी मिळाली होती म्हणे. धाकट्या आत्याला तिच्या लुगड्यांचा रंग आवडला नव्हता, हे फेरफारात नाही.

आणि सगळ्यात तळाशी १९१९ चा एक फेरफार, मोडीत. दादाने तो ‘हे काय आहे देव जाणे’ असं लिहून पाठवलेला. फोन आडवा धरून, बोटांनी ताणून ताणून मी तो लावत बसले. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, पणजोबा गेले, ती वारसाची नोंद. ‘मयत’ पटकन लागलं. मग ‘सबब’. मग आजोबांचं नाव. सहा-सात वर्षांचं पोर ते तेव्हा, मॅनेजर व्हायला खूप अवकाश होता. त्यापुढे ‘अज्ञान’, म्हणजे वयात न आलेला. आणि त्यापुढे अ, पा, क, मध्ये टिंबं देऊन.

अज्ञान पालन कर्ता. त्यापुढे ‘आई’, आणि आईच्या पुढे एक अक्षर.

एकच. बाकीचं रजिस्टरच्या शिलाईत गेलंय. स्कॅन करणाऱ्याने वही पुरती उलगडलेली नाही, पान आत वळतं तिथे काळी सावली आहे. मी उजेड वाढवला, कमी केला, फोन खिडकीशी नेला. वर्गातल्या सरांना पाठवला. जे अक्षर दिसतंय ते मला तरी ‘ग’ वाटतंय. पण माझं कच्चं आहे, आणि शिवाय काकांची ती नदी इतकी वर्षं कानात बसलेली, त्यामुळे मला तेच दिसणार.

सरांचं उत्तर आलं, ‘मूळ पान पाहावे लागेल.’ दुसऱ्या दिवशी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज लिहायला घेतला. ‘कशासाठी हवी’ या रकान्याशी बराच वेळ अडले आणि शेवटी ‘खाजगी कामासाठी’ लिहिलं.

रात्री दादाचा फोन. ‘काय गं, बघितलंस का सगळं? गुरुवारी जमेल?’

‘नाव बघतेय रे.’

‘नाव बरोबर आहे तुझं. माहेरचं, सासरचं, दोन्ही घातलंय. मी स्वतः तपासलंय.’

‘माझं नाही. तो शेवटचा कागद आहे ना, त्याची नक्कल येऊ दे. तोवर थांबू.’

पलीकडे शांतता. वहिनीने टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं.

‘तसं सरळ सांग ना,’ दादा म्हणाला, ‘तुला हिस्सा हवाय का?’

मी जरा थांबले. तोवर हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.