पावसाळ्यात इनक्युबेटरमधली पाण्याची वाटी काढून ठेवा

घरी अंडी उबवायची म्हटलं की पहिला प्रश्न सगळे तापमानाचाच विचारतात. फॅनवाला इनक्युबेटर असेल तर ३७.५ ते ३७.८ डिग्री, बास. ते थर्मोस्टॅट सांभाळतो. मला बोलायचंय ह्युमिडिटीबद्दल, म्हणजे हवेतल्या दमटपणाबद्दल, कारण आमच्या संगमेश्वर साइडला पूर्ण वाढलेली पिल्लं शेवटच्या दिवशी अंड्यातच मेलेली मी बऱ्याच जणांकडे बघितलीत, आणि बहुतेक ठिकाणी कारण तेच निघालंय.

आजी काय करायची, खुडूक कोंबडी बघायची, टोपलीत पेंढा घालून अंड्यांवर बसवायची की काम झालं. आता आमच्याकडे कडकनाथ आहेत, आणि त्या कोंबड्या खुडूक बसायचं काही मनावर घेत नाहीत. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, कॉम्प्युटरचा छोटा फॅन आणि थर्मोस्टॅट बसवून इनक्युबेटर केला. सोबत दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर पाहिजेच पाहिजे, स्वस्तात मिळतो, तो नसेल तर सुरूच करू नका.

आता मुद्दा असा की अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी हळूहळू उडून जातं आणि २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के कमी व्हावं लागतं. तेवढं पाणी गेलं की रुंद बाजूला हवेची पोकळी मोठी होते, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, कवच नंतर फोडतं. आत हवा जास्त दमट राहिली तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, त्याला आत वळता येत नाही, आणि बिचारं तिथेच गुदमरतं.

चार्टमध्ये लिहिलेलं असतं पहिले १८ दिवस ५० टक्के, मग ६५ ते ७०, म्हणून सगळे पहिल्या दिवसापासून पाण्याची वाटी भरून ठेवतात. पण जुलैत आमच्याकडे बाहेरचीच हवा २६ डिग्रीला ९० टक्के दमट असते, ती खोक्यात जाऊन ३७.५ ला तापली की आपोआप ४५-५० वर येते, मग वर आणखी पाणी कशाला?? वाटी बाहेर काढा आणि हवेची भोकं उघडी ठेवा. माझी मावशी बार्शीला असते, तिच्याकडे बरोबर उलटं, मे महिन्यात दोन वाट्या आणि ओला स्पंज ठेवूनही आकडा वर चढत नाही, शिवाय खोलीच ४० डिग्रीला गेली की थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही, गार तर तो करत नाही ना. तिला मी सांगितलंय, मावशी, तू दिवाळीनंतरच अंडी लाव.

हायग्रोमीटरवर पूर्ण भरवसा नसेल तर किचनच्या वजनकाट्यावर दोन-चार अंडी खूण करून तोला. ४५ ग्रॅमचं गावठी अंडं अठराव्या दिवशी ४० च्या आसपास आलं पाहिजे. मला हे सगळ्यात खात्रीचं वाटतं. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघालच, कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत, काहीच नाही दिसलं तर बाजूला काढा.

लाईट गेली म्हणून घाबरू नका, कोंबडीसुद्धा दाणे खायला रोज उठतेच की. खोक्यावर गोधडी टाका, झाकण उघडू नका. थोडा गारवा अंडी सोसतात, पण ४० च्या वर गेलं तर पिल्लं पटकन जातात.

तोवर अंडी रोज फिरवायची असतात, ते अठराव्या दिवशी बंद करायचं आणि आता मात्र पाणी घालायचं, पावसाळा असला तरी. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात, या वेळात झाकण उघडलं तर आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. घरातली पोरं मागे लागतात, बघू दे बघू दे म्हणून, त्यांना काचेतून दाखवा. ओढून काढायचं तर अजिबात नाही, पोटात बलक ओढून घ्यायचं त्याचं काम चालू असतं, आणि त्याच बलकावर बाहेर आल्यावर दोन दिवस ते अन्नपाण्याशिवाय राहतं.

अंग सुकलं की ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्यात, पहिला आठवडा ३२ ते ३५ डिग्री. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी (राणीखेत रोग) लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालाच, ही लस चुकवून चालत नाही. ती बर्फात आणायची आणि तयार केली की दोन तासांत संपवायची, आणि छोटी बाटलीसुद्धा १०० डोसची येते, तेव्हा वाडीत अजून कोणाकडे त्याच वयाची पिल्लं असतील तर आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवा, सगळ्यांचं एकदम होऊन जातं.